वीतभर पुण्य

“चावली! धरती चावली!”

पाचशे माणसे एका घशाने ओरडली. ओल्या मैदानात तालुका कचेरीतला एक कारकून, इस्त्रीच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून, तापल्या तव्यावरच्या कोळंबीसारखा उडत होता. तिसऱ्या उडीला तो बांबूच्या कुंपणाबाहेर येऊन आदळला आणि कोणी काही विचारायच्या आतच शेजारणीकडे वाईट नजरेने पाहिल्याची कबुली देऊन बसला. शेजारीण गर्दीतच होती. तिचा नवराही होता.

“पाहिलंत?” मैदानाच्या मधोमध सागवानी चौरंगावर बसलेला म्बाह वेलांग म्हणाला. “धरतीला डोळे नाहीत, पण ती बघते. दात नाहीत, पण चावते. कचेरीत खोटं बोलाल, बायकोशी खोटं बोलाल. तळपाय खोटं बोलत नाही!”

म्बाह म्हणजे आमच्या जावात आजोबा. हा आजोबा बेचाळीस वर्षांचा होता आणि दाढीला कलप लावत होता, पांढरा. सहा महिन्यांपूर्वी तो आमच्या कडुंगपरी गावात आला, गावाबाहेरची पडीक जागा त्याने धरली, मध्ये एक गोल दगड बसवला आणि त्याखाली कुण्या प्राचीन राजाची कट्यार पुरलेली आहे असे जाहीर केले. दर पस्तीस दिवसांनी येणारा क्लिवोनचा शुक्रवार हा आमच्याकडे भुताखेतांच्या कामकाजाचा दिवस. त्या दिवशी दुपारी ही कट्यार म्हणे जागी होई. पायातले काढायचे, फुलांचा द्रोण घ्यायचा, कुंपणापासून दगडापर्यंत चालत जायचे, फुले वाहून परत यायचे. निष्पाप माणसाला काही होत नाही. पाप्याला धरती चावते.

विधीआधी वेलांगचा मेहुणा पार्मिन मैदानावर सात झऱ्यांचे पाणी शिंपडी आणि मग कोपऱ्यातल्या झोपडीत जाऊन धूप लावत बसे. त्या पाण्याचे चार थेंब माझ्या ओठावर उडाले होते. खारट होते. सातही झरे समुद्रातच उगम पावत असावेत.

कारकुनानंतर माझी शेजारीण म्बोक रुकेम, म्हणजे रुकेमकाकू, पुढे झाली. वय बहात्तर. घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळलेले बाटिकचे लांब वस्त्र, म्हणजे जारिक, त्यात वीतभर पाऊल टाकत ती अशी सरकत गेली की पाय आहेत की चाके, कळू नये. दगडाशी पोहोचली, फुले वाहिली, परत आली. काही झाले नाही. गर्दीने उसासा सोडला.

“बघितलंत ना गुरुजी?” ती माझ्याजवळ येऊन म्हणाली. “बहात्तर वर्षं सांभाळलंय. आता तुम्ही जा. घाबरताय कशाला? पुस्तकं वाचण्यापलीकडे तुम्ही काय पाप करणार?”

मी जायला नको होते. पण नाही म्हणणे मला आयुष्यात जमलेले नाही. मी उंच, किडकिडीत माणूस, ढांगा बगळ्यासारख्या. चौथ्या ढांगेला पोटऱ्यांत कोणीतरी तार पिळल्यासारखे झाले, गुडघे आपोआप वाकले आणि द्रोण उडून माझ्याच डोक्यावर पडला.

“अरे, रेघोट्या गुरुजी पण पापी निघाले!” कोणीतरी ओरडले. छत्तीस वर्षे ज्या पोरांना मी भौतिकशास्त्र शिकवले तीच पोरे, आता बापे झालेली, पोट धरून हसत होती.

आणि मी काय केले? हे लिहिताना अजून लाज वाटते. मी कुंपणाला टेकून माझी पापे आठवू लागलो. बायको शेवटच्या आजारात होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसून पुस्तक वाचत होतो, तिने दोनदा पाणी मागितले ते मला ऐकू आले नव्हते. हेच असणार, असे मला वाटले. विजेवर छत्तीस वर्षे बडबड केलेला माणूस, आणि पायाला झटका बसताच त्याला वीज आठवली नाही, पाप आठवले. वेलांगची अर्धी विद्या ही अशी होती. ती त्याची नव्हतीच, आमची होती.

तेवढ्यात विलुजेंग आली.

विलुजेंग ही गावची सुईण. सरकारी नोकरीतली, शिकलेली, माझी विद्यार्थिनी. पांढरा सदरा, निळी पँट, मोटारसायकल उभी करून ती तरातरा आत शिरली, कारण रांगेत सात महिन्यांची गरोदर सुमिरा उन्हात उभी होती. “सुमिरा, चल घरी! तीन तास उभी आहेस?” असे म्हणत तिने वळसा न घेता सरळ मैदानातून वाट काढली. चप्पल कुंपणापाशी कोणीतरी काढायला लावली होती. पाच पावले. सहाव्याला ती पालथी पडली.

गर्दी एकदम गप्प झाली.

वेलांग या शांततेची सहा महिने वाट पाहत असावा. तो हळूच म्हणाला, “पावसाळ्यात दोन बाळं गेली. मी तेव्हाच म्हटलं होतं, गावात कोणीतरी करणी करतंय. मी नाव घेतलं नाही. आज धरतीनं घेतलं.”

“काय बोलताय?” विलुजेंग चिखलातून उठत म्हणाली. “ती दोन्ही बाळं तापानं फणफणलेली असताना आधी तुमच्याकडे आणली होती! तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली ती निळी पडून!”

“पापी बोलतो,” वेलांग डोळे मिटून म्हणाला. “धरती चावते.”

गावप्रमुख सार्जोनो घाम पुसत पुढे आला. तोही माझाच विद्यार्थी; भौतिकशास्त्रात दोनदा नापास. माणूस वाईट नाही, पण जिकडे माणसे जास्त तिकडे त्याचे मत. ठरले ते असे: पुढच्या क्लिवोन शुक्रवारी विलुजेंगने सगळ्या गावासमोर दगडापर्यंत चालायचे. धरती पुन्हा चावली तर तिने गाव सोडायचे, आणि तसे पत्र गावप्रमुख वर पाठवेल.

गर्दी पांगू लागली. कॉफीच्या टपरीवाल्याने नवस म्हणून एक बोकड आणला होता, तो पार्मिन तुरुतुरु पावले टाकत दगडाकडे ओढत होता. मी मान खाली घालून बघत होतो, कारण कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हते. बोकड दगडाकडे तोंड करून उभा राहिला की थरथरे, बें बें करी, पाय झाडी. मग ओढाताणीत तो आडवा फिरला, दगड त्याच्या उजव्या कुशीला आला, आणि तो शांत झाला. इतका शांत की खाली पडलेली माझीच फुले खाऊ लागला. पार्मिनने त्याला पुन्हा सरळ केले. पुन्हा थयथयाट. पुन्हा आडवा. पुन्हा फुले.

बोकडाचे पाप तोंड कुठे आहे यावर अवलंबून असते?

मी घरी आलो आणि कपाटावरची पत्र्याची परात खाली काढली. निवृत्तीच्या दिवशी शाळा ती मोडीत टाकणार होती. दरवर्षी या परातीत पाणी घालून, मध्ये एक सळी उभी करून, तिला वीज जोडून मी मुलांना समविभव रेषा दाखवायचो. म्हणजे ज्या रेषेवर विजेचा दाब सगळीकडे सारखा असतो ती रेषा. दोन खिळे पाण्यात धरायचे. दोन्ही एकाच रेषेवर असले की मीटरचा काटा झोपतो, एक सळीजवळ आणि दुसरा लांब धरला की काटा उडतो. मुले जांभया द्यायची. त्यावरूनच माझे नाव रेघोट्या गुरुजी पडले. एकदा तेरा-चौदा वर्षांच्या विलुजेंगने विचारले होते, “गुरुजी, या रेघा दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, मग त्या असतात कशाला?” वर्ग हसला. मी म्हटले होते, “परीक्षेत येतात म्हणून.”

बोकडाचे चार पाय म्हणजे चार खिळे होते.

दुसऱ्या दिवशी मी विलुजेंगच्या दवाखान्यात गेलो. बाकावर एकही बाई नव्हती. ती एकटी बसून कात्र्या उकळत होती.

“या गुरुजी. करणीवालीच्या दारात आलात, लोक काय म्हणतील?”

“काल मला पापी म्हणून झालंय,” मी म्हटले. “विलुजेंग, त्या दगडाखाली कट्यार नाही. लोखंडी नळी किंवा सळी आहे आणि तिला खांबावरून आकडा टाकलाय, बटण पार्मिनच्या झोपडीत. त्याच्या खारट पाण्यानं माती ओली झाली की वीज तिथून जमिनीत चहूकडे पसरते. दगडाजवळ दाब जास्त, लांब जावं तसा कमी. तुझा एक पाय जास्त दाबावर, दुसरा कमी दाबावर. जेवढं लांब पाऊल, तेवढा फरक, तेवढा झटका. म्बोक रुकेमचं पाऊल वीतभर. जारिकमध्ये त्याहून मोठं पडतच नाही.”

तिने कात्री खाली ठेवली. “म्हणजे पँटवाले पापी आणि जारिकवाल्या पुण्यवान.”

“पुण्य नव्हे गं, कापड.”

“आणि मैदान सुरू झालं की टपरीवरचा दिवा मंद होतो, तो...”

“तो भक्तीनं मान खाली घालतो असं वेलांग सांगतो. इकडे वीज ओढली की तिकडे कमी पडते, एवढंच.” मला थोडा हुरूप आला. “तेव्हा सोपं आहे. त्या दिवशी तू जारिक नेस. वीतभर पावलं टाक. सुटशील.”

विलुजेंगने उकळत्या कात्र्यांखालचा जाळ बंद केला. मग म्हणाली, “नाही.”

“नाही?”

“गुरुजी, मी जारिक नेसून सुटले तर तो म्हणेल, बघा, पोरीनं पँट टाकली, पश्चात्ताप झाला, धरतीनं माफ केलं. मी वाचेन आणि तो दुप्पट मोठा होईल. पुढचं तापलेलं बाळ पुन्हा आधी त्याच्याकडे जाईल. मला सुटायचं नाहीये. मला ते मैदान उघडं करायचंय.”

सत्तर वर्षांच्या माझ्या डोक्यात फक्त पळवाट आली होती. पळवाटा शोधण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही.

“लोकांसमोर बोलावं लागेल,” ती म्हणाली.

“मला बोलता येत नाही. वर्गात सुद्धा मी फळ्याकडे तोंड करून बोलायचो.”

“मग फळ्याकडेच तोंड करा. फळा जरा मोठा आहे, एवढंच.”

“आणि मी मीटर काढल्यावर त्यांनी वीज बंद केली तर?”

ती पहिल्यांदा हसली. “तर मी पँटमध्ये, लांब ढांगा टाकत, दगडापर्यंत जाऊन येईन. बंद केली तरी ते फसले, चालू ठेवली तरी फसले.”

हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी तिला त्या वर्षी शंभरात एकेचाळीस मार्क दिले होते.

पस्तीस दिवसांत वेलांगने हवा चांगलीच तापवली. विलुजेंगच्या मोटारसायकलला म्हणे सावली पडत नव्हती. ती सुया टोचते त्या सुयांत म्हणे कब्रस्तानातली माती असते. सुमिराच्या नवऱ्याने तिला दवाखान्यात जायला बंदी केली. म्बोक रुकेम मला रोज तळलेली केळी आणून देई आणि रोज सांगे, “पोरगी चांगली होती हो. पण धरती कशाला खोटं बोलेल? मला नाही चावली ती!” तिच्या चालीत नवा तोरा आला होता. देवळातल्या मूर्तीने चालायचे ठरवले तर ती अशी चालेल.

शुक्रवारी दुपारी हजारभर माणसे जमली. शेजारच्या तीन गावांतून ट्रक आले होते. मी कोपऱ्यात उभा होतो; काखेत बांबूची हातभर काठी, काठीच्या दोन टोकांना दोन खिळे, खिळ्यांना जोडलेला शाळेचा जुना काट्याचा मीटर, आणि हातात व्हॉलीबॉलच्या मैदानाच्या चुन्याच्या फक्कीची बादली.

पार्मिनने पाणी शिंपडले, झोपडीत गेला. टपरीवरच्या दिव्याने मान खाली घातली.

“ये पोरी,” वेलांग चौरंगावरून गोड आवाजात म्हणाला. “घाबरू नकोस. मन साफ असेल तर...”

“चालते,” विलुजेंग कुंपणाशी उभी राहून मोठ्याने म्हणाली. तिने निळी पँटच घातली होती. “पण आधी माझे गुरुजी मला वाट आखून देणार आहेत.”

“वाट?” वेलांग हसला. “धरतीवर वाट आखणार? आखू देत, आखू देत! रांगोळी काढा गुरुजी, कडेला दोन फुलं पण काढा!”

गर्दी खदखदली. मी गावप्रमुखाकडे पाहिले. तो इकडे तिकडे बघत म्हणाला, “द्या... पाच मिनिटं द्या गुरुजींना.”

मी पायातले काढून आत शिरलो, वीतभर पाऊल टाकत, बदकासारखा. काठी दगडाच्या दिशेने सरळ रोवली. काटा उडाला. हळूहळू काठी फिरवली. काटा उतरत आला, उतरत आला, आणि काठी पूर्ण आडवी होताच झोपला. दोन खिळ्यांमध्ये मी फक्कीची चिमूट सोडली. मागचा खिळा पुढच्याच्या जागी, पुन्हा फिरवायचे, काटा झोपेपर्यंत. पुन्हा चिमूट. परातीत जे केले तेच. पाठीमागे कोण आहे हे मी विसरलो.

काठीवरचा मीटर पहिल्यांदा नीट दिसला तो झोपडीच्या खिडकीतल्या पार्मिनला. आकडा टाकणाऱ्याला कुठलाही मीटर दिसला की वीज कंपनीचा माणूसच दिसतो. मागच्या खिडकीतून काहीतरी धप्प पडल्याचा आवाज आला आणि ऊस मोडत गेल्याचा.

“पार्मिन?” वेलांग म्हणाला. “अरे पार्मिन! बंद... धूप बंद कर रे!”

झोपडीतून उत्तर आले नाही. टपरीवरचा दिवा मंदच होता.

माझी रेष दगडाभोवती फिरून पुन्हा सुरुवातीला येऊन मिळाली. काहीशी वेडीवाकडी, पण गोल. मी म्हटले, माझा आवाज चिरकला होता, “विलुजेंग, चाल. या पांढऱ्यावरून. हवी तेवढी लांब पावलं टाक.”

वीतभर पावलांनी रेषेपर्यंत येऊन पहिली ढांग टाकताना तिने दात आवळलेले मी पाहिले. मग ती चालली. तिच्या रोजच्या चालीने, प्रसूतीला निघाल्यासारखी, गजभर ढांगा टाकत ती रेषेवरून पूर्ण फिरली. पुन्हा फिरली.

काही झाले नाही.

“ही फसवणूक आहे!” वेलांग ओरडला. “गोल गोल कोणीही फिरेल! सरळ येऊ दे माझ्याकडे! धरतीला आडवं नाही, सरळ यावं लागतं!”

“बरोबर बोलतोय तो,” मी म्हटले. माणसे चमकली. माझ्या तोंडून निघत गेले ते मी ठरवलेले नव्हते. बहुधा छत्तीस वर्षांत फळ्याला सांगितलेले सगळे एकदम बाहेर येत होते. “आपली भातखाचरं बघा. बांधावरून चाललात तर चढ नाही, उतार नाही. दिवसभर फिरा, दम लागत नाही. पाणी कुठून पडतं? बांधावरून बांधाखाली, सरळ, काटकोनात. विजेचं तेच आहे. ही पांढरी रेष म्हणजे विजेचा बांध. हिच्यावर दोन्ही पाय सारख्याच उंचीवर, मग वीज एका पायातून दुसऱ्यात जाईल कशाला? आणि हिला काटकोनात ती धबधब्यासारखी उतरते. बोकड आडवा झाला की शांत का व्हायचा? त्यानं आडवं होऊन नमाज पढला होता का?”

कोणीतरी फिसकन हसले. बहुधा टपरीवाला. त्याचाच बोकड होता.

मी खिशातून काथ्याची दोरी काढली आणि दोन घोट्यांना बांधली, मध्ये वीतभर मोकळी. मग सरळ दगडाकडे निघालो. मुंग्या आल्यासारखे झाले, तेवढेच. दगडाला हात न लावता पाकळी टाकली आणि परत आलो.

“मागच्या वेळी मला चावली होती,” मी म्हटले. “पस्तीस दिवसांत मी काही फार पुण्य केलेलं नाही. आता बघा.” दोरी सोडली. डोळे मिटले. एक ढांग, बगळ्याची, सरळ आत.

पोटऱ्या पिळवटल्या आणि मी बाजूला कोलमडलो. विलुजेंगने मला काखेत धरून रेषेवर ओढले. चिखलात बसूनच मी ती दोरी वर धरली. “पाप दोरीनं बांधता येतं का हो? येत असेल तर मी आजपासून दोऱ्याच वळतो!”

हजार माणसे दोरीकडे बघत होती. आणि त्या हजारांत एक बाई माझ्याकडे अशी बघत होती की मी तिच्या घरावर दरोडा घातला आहे.

“म्हणजे?” म्बोक रुकेम म्हणाली. “म्हणजे मला चावली नाही ती... जारिकमुळं?”

“हो म्बोक.”

“माझ्या बहात्तर वर्षांमुळं नाही?”

मी हातातली दोरी गुंडाळू लागलो. नाही म्हणणे मला तेव्हाही जमले नाही.

“थांबा.” तिने द्रोण खाली ठेवला. दोन्ही हातांनी जारिक धरले आणि हजार माणसांसमोर गुडघ्यांच्या वर खोचले. मी “म्बोक, नको, तुमचं वय...” म्हणेपर्यंत ती आत शिरली होती. तरुणपणी भाताच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन खाचरावरून खाचरावर उड्या मारणारी बाई होती ती. तिने तशीच एक ढांग टाकली.

“आई गं मेले!”

धरतीने बहात्तर वर्षांच्या पुण्याचा चावा घेतला. विलुजेंगने तिला मागे खेचले. म्बोक चिखलात बसली, पोटऱ्या चोळत, आणि मग तिने वेलांगकडे तोंड वळवले. कडुंगपरीत त्यानंतर जे ऐकू आले ते सगळे मला लिहिता येणार नाही.

“मेल्या! मी पापी? मी? सात पोरं वाढवली, नवऱ्याची सेवा केली, रोजे धरले, आणि तुझी ती मातीतली कट्यार मला चावते? आणि कापड खाली सोडलं की मी देवी? तुझ्या धरतीला साडेतीन हात कापडाची अक्कल नाही, आणि तिनं माझ्या पोरीला करणीवाली ठरवलं? ये इकडे! ये सरळ! तू तर महापुण्यवान! ये की!”

“ये की!” मागून कोणीतरी म्हटले. मग दहा जण. मग सगळे.

वेलांग चौरंगावरून उतरला. “पार्मिन!” तो पुन्हा ओरडला. उसातून काही उत्तर आले नाही. टपरीवरच्या दिव्याकडे आता सगळे बघत होते. दिवा मंद होता, म्हणजे कट्यार जागी होती.

“या म्बाह,” विलुजेंग अगदी शांतपणे म्हणाली. “तुमचं मन साफ आहे. एक लांब पाऊल टाका. मी आजच गाव सोडते.”

असा क्षण मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. कुंपणाभोवती हजार माणसे, आणि मध्ये एक माणूस. बाहेर यायला त्याला फक्त आठ पावले हवी होती. त्याने काळी पँट घातली होती. जारिक नव्हते, दोरी नव्हती, धर्म नव्हता, पाय बांधणारे काहीही नव्हते. त्याने उजवा पाय उचलला. आणि चार बोटे पुढे ठेवला.

मग डावा, चार बोटे.

पायाला पाय चिकटवत, हात पसरून, नव्या नवरीसारखा तो येत होता. दगडापासून कुंपणापर्यंत यायला त्याला पंधरा मिनिटे लागली असतील. त्याच्या कपाळावरचा घाम दाढीत उतरला आणि पांढरा कलप ओघळून सदऱ्यावर आला. अर्ध्या वाटेवर सुमिराच्या नवऱ्याने, ज्याने बायकोला दवाखाना बंद केला होता, जमिनीकडे बघत म्हटले, “याला माहीत होतं.”

एवढे एकच वाक्य. मीटर, रेष, बांध, दोरी, माझी सगळी छत्तीस वर्षे त्याच्यापुढे फिकी पडली. ज्याला धरतीचा न्याय ठाऊक असतो तो ढांगा टाकतो. ज्याला तारेचा ठाऊक असतो तो बोटे मोजतो.

गावप्रमुखाने वाळक्या बांबूने खांबावरचा आकडा काढला. दिव्याने मान वर केली. दगडाखाली खणले तेव्हा प्राचीन राजाची कट्यार निघाली: नळाचा लोखंडी पाइप, त्याला गुंडाळलेली काळी वायर. वायरवर एका लग्नमंडपवाल्याच्या लाउडस्पीकरची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. वेलांगचे मूळ नाव तुगिमान आणि मूळ धंदा लग्नात लाउडस्पीकर लावण्याचा, हे पोलिसांनी नंतर सांगितले. वर पाठवायला आणलेल्या पत्राचा गोळा करून गावप्रमुखाने तो खिशात टाकला, आणि विलुजेंगची चप्पल उचलून तिच्यापुढे आणून ठेवली.

मला त्या तुगिमानबद्दल तिरस्कार आहे, पण त्याहून जास्त त्या पाचशे जणांबद्दल आहे जे उगाचच कबुल्या देत होते, आणि त्यांत मी पहिला. आपल्याला झटका बसला की आपण आधी आपल्या पापाकडे बघतो, मग दुसऱ्याच्या. पायाखाली बघायला कोणी वाकत नाही. बाबांनो, वाका. खणून बघा. आडवे व्हा, सरळ व्हा, पाऊल बदलून बघा. जो चमत्कार पावलाच्या लांबीने बदलतो तो चमत्कार नसतो, आणि जो न्याय कपड्यावर ठरतो तो न्याय नसतो. एवढे करायला भौतिकशास्त्र लागत नाही. बोकडाला ते येत होते.

सुमिराला तीन आठवड्यांनी कळा आल्या, तेव्हा नवऱ्यानेच तिला मोटारसायकलवर बसवून विलुजेंगकडे नेले. मुलगी झाली. मी बघायला गेलो तर दवाखान्याच्या बाकावर बसायला जागा नव्हती. म्बोक रुकेम बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. अलीकडे ती जारिक जरा सैल नेसते.

“गुरुजी,” विलुजेंग हात धूत म्हणाली, “तेव्हा मी विचारलं होतं, त्या रेघा दिसत नाहीत, तर असतात कशाला. आठवतं?”

“आठवतं. मी चुकीचं उत्तर दिलं होतं.”

“मग बरोबर सांगा.”

मी परातीपासून सांगायला सुरुवात केली. मला थांबवून म्बोक रुकेमनेच बाळाचा इवलासा तळपाय दोन बोटांत धरून उत्तर दिले.

“असू दे गं. त्या असतात म्हणूनच हिला लांब पाऊल टाकता येईल.”